पट्टा वाजत होता

संशय घ्यायला मला फारसं कारण लागत नाही. दुकानदाराने काटा सरळ धरला तरी मी वाकून बघतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पोशीर गावात आमच्या भातात रानडुकरं पडायची, आणि रविवारी सकाळी आम्ही चार घरचे लोक कुत्री घेऊन त्यांच्या मागावर जायचो. नियम एकच होता. शनिवार दुपारपासून कुत्र्याला खायला घालायचं नाही. पोट भरलेला कुत्रा झाडीत शिरत नाही.

माझा कुत्रा लागोपाठ तीन रविवार मागे रेंगाळला. तिसऱ्या वेळी मी त्याचं तोंड हुंगलं. सुकटीचा वास! शेजाऱ्याच्या अंगणात सुकट वाळत असायची, तेवढं मला पुरलं. तोही आमच्याबरोबर शिकारीला असायचा. सगळ्यांदेखत मी त्याला विचारलं, "माझ्या कुत्र्याला गुपचूप खायला का घालतोस रं?"

"माज्या पोरांना सुकट पुरत नाय, तुज्या कुत्र्याला कुठनं घालू?" तो म्हणाला. "आनि तुजा मागं ऱ्हातो म्हनून माजा एकटा डुकराच्या तोंडाशी जातो. पुरावा आन, नायतर सगळ्यांसमोर शब्द मागं घे."

बोलणं बिनतोड होतं, म्हणून मला ते जास्तच लबाडीचं वाटलं. बाकीच्यांनी मात्र माझं खरं धरलं आणि त्याला चहाला हाक मारणं बंद केलं.

माझा मेहुणा बोटीवर कामाला होता. त्याने परदेशातून शिकारी कुत्र्याचा पट्टा आणला होता. त्यावर काडेपेटीएवढा डबा. कुत्रा चालत असला की सावकाश टुक टुक वाजायचं, उभा राहिला की भराभर. शनिवारी दुपारी मी तो पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधला. ओटीवर बसलेल्या वडिलांनी हात लावून बघितला. "झ्याक हाय," म्हणाले. ठासणीच्या बंदुकीपायी त्यांचे कान तरुणपणीच गेले होते.

मी कुत्र्याला सोडलं आणि शेजाऱ्याच्या कुंपणाकडे डोळे लावून बसलो. तो तिथेच विळ्याला धार लावत होता. आता सापडतोस, म्हटलं. टुकटुक आमच्याच घराला वळसा घालून मागे गेली आणि एकाएकी भराभर वाजू लागली.

मी गोठ्यामागे गेलो. वडील माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. कुत्रा त्यांच्या हातातली सुकट-भाकरी खात होता आणि पट्टा त्यांच्या कानाशी किंचाळत होता. त्यांना पत्ताच नव्हता. आपण कुजबुजतोय अशा समजुतीने ते मोठ्याने म्हणाले, "खा रं. उद्या मागंच ऱ्हा. तुज्या आयला डुकरानं फाडली, मी बगितलंय."

मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. पाऊल वाजलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

रविवारी मी कुत्र्याला नेलं नाही. त्याच्या पायात काटा गेलाय, असं सांगितलं. सगळे जमले होते. शब्द मागे घ्यायला तोंड उघडलं असतं, तर वडिलांचं नाव निघालं असतं. शेजाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पट्ट्यानं काय सांगितलं?"

"बिघडला," मी म्हणालो. "वाजलाच नाय."

तो मागे थांबला. मग बाकीचे थोडे पुढे गेल्यावर, मला एकट्यालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "काल तुमच्या गोठ्यामागं तर चांगला वाजत व्हता."

आणि आपल्या उपाशी कुत्र्याला घेऊन तो झाडीकडे निघाला.