भूगोलाच्या बाईंनी भरलेला तक्ता

आमच्या भूगोलाच्या बाईंनी खरं बोलून लोकांना जेवढा त्रास दिला, तेवढा उभ्या रायगड जिल्ह्यात कोणी खोटं बोलूनही दिला नसेल. पेणच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आणि त्या भूगोल शिकवायच्या. विद्यार्थ्याने पेपरात चुकीची नदी लिहिली तर त्या नुसते गुण कापत नसत. ती नदी खरी कुठून वाहते हे समासात सविस्तर लिहीत, आणि त्यामुळे त्यांचे गठ्ठे नेहमी सगळ्यांच्या शेवटी येत. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात कोलाड आणि रोहा उलटसुलट लिहिलंय म्हणून त्यांनी तीन अर्ज केले होते. चौथा अर्ज माझ्या अक्षरात होता, कारण तोवर वाहतूक नियंत्रक त्यांचं अक्षर ओळखू लागला होता.

अशा बाईंकडे प्राचार्यांनी पदवीधरांचा तक्ता सोपवला, ही त्यांची चूकच. राज्यातली कॉलेजं तपासणारी समिती आमच्याकडे येणार होती. पास झालेली मुलं पुढे काय करतात, हे तिला दाखवायचं होतं. रकाने दोनच: नोकरी आणि पुढील शिक्षण. इतर विभागांनी आपापले तक्ते चहा निवेपर्यंत भरून दिले. बाई मात्र दर रविवारी डबा घेऊन पत्ते शोधायला निघायच्या आणि मला सोबत न्यायच्या. "तुम्हाला मुलांचे चेहरे आठवतात," असं त्या म्हणायच्या. मला ते चेहरे पुस्तकं परत न केल्यामुळे आठवत, हे मी कधी सांगितलं नाही.

पहिला भेटला तो पेणच्याच एका गणपतीच्या कारखान्यात, मूर्तींचे डोळे रंगवताना. पदवीचा काय उपयोग झाला, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्याने ब्रश न थांबवता सांगितलं, "लग्न जमवायला, बाई." वडखळला एक मुलगी काकडीच्या टोपलीशी भेटली. तिने आम्हाला काकड्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत, त्यामुळे बाई कोलाडपर्यंत अस्वस्थ होत्या. रोह्याला एकजण शिफ्ट संपवून गेटबाहेर येत होता. मी आनंदाने नोकरीच्या रकान्यात खूण करायला गेलो, तर तो म्हणाला, "कंपनीत हाय, पण कंपनीचा नाय. ठेकेदाराचा हाय." बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

शेवटची सुनंदा. कोलाडच्या पुढे, नदीकाठच्या वाडीतली पहिली पदवीधर. ती दुसऱ्याच्या शेतात वाल काढत होती. बाईंना पाहून ती हसली, ओच्यातल्या शेंगा टोपलीत ओतून बांधावर आली. बाईंनी विचारलं, शिकलीस ते फुकट गेलं असं वाटतं का? सुनंदा म्हणाली, "फुकट नाय, बाई. वाडीत कुणाचा कागद आला की मीच वाचते. पण कागदात आमच्यासाठी कायच नसतं." परतीच्या गाडीत बाईंनी डबा उघडला नाही.

त्यांनी तक्त्यात पट्टीने तिसरा रकाना आखला आणि प्रत्येकापुढे जे पाहिलं ते लिहिलं. समितीच्या अध्यक्षांनी ते पान दोनदा वाचलं. आमची श्रेणी एका पायरीने घसरली. मग सभा झाली. प्राचार्य म्हणाले की एका व्यक्तीच्या हट्टापायी संस्थेचं नुकसान झालं. बाई उठून एवढंच म्हणाल्या, "सर, मी फक्त मुलांना भेटले." त्यांच्याबरोबर मीही भेटलो होतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मी पंख्याकडे पाहत राहिलो. बाई त्यावरून मला कधी टोचून बोलल्या नाहीत; पुढच्या रविवारी डबा घेऊन निघताना मात्र त्यांनी मला बोलावलंही नाही.

पुढे त्या निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. तो तक्ता भरायचं काम आता माझ्याकडे आहे. मी तो टेबलाशी बसूनच भरतो. थकवा येतो हो, दर वेळी नवे कागद, नवी समिती. गेल्या खेपेला आमची श्रेणी सुधारली, पेढे वाटले गेले, आणि काय वाटलं कोण जाणे, मी बाईंना फोन लावला. श्रेणीचं ऐकून त्या "छान" म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मुलं कशी आहेत?"

मी म्हणालो, मजेत आहेत. माझ्या आवाजातलं खरं-खोटं त्यांना चांगलं ओळखू येतं. तरी त्या, "बरं झालं," म्हणाल्या, आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करू लागल्या.