विमान, मास्ट आणि सोलापूरचा गड्डा

सत्तरच्या दशकाच्या मध्यात माझं पोस्टिंग ईशान्येच्या डोंगरात होतं. सिग्नलची छोटी डिटॅचमेंट, चौदा माणसं. मी नाईक, वायरलेस ऑपरेटर. माझ्या हाताखाली लान्स नाईक बसवराज. दोघंही सोलापूरचे, एकाच गल्लीतले. त्यामुळे तो मला फौजेत "उस्ताद" म्हणायचा आणि तंबूत शिरला की "आण्णा".

आमचे प्रमुख सुभेदार गोविंदसिंग. पहाडी माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. सकाळी सहाला फॉल-इन. सव्वासहाला वायरलेसचा मास्ट, म्हणजे सत्तावीस फुटी लोखंडी खांब, उभा करून ताणदोऱ्या बांधायच्या. मग बसवराज टाच जुळवून रिपोर्ट द्यायचा, "साहब, मास्ट खडा है." साहेब मान वर करून बघायचे आणि रोज एकच उत्तर द्यायचे, "देखते हैं, कितनी देर."

आता त्या मास्टची भानगड सांगतो. संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. तीसेक फुटांचे नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात टेकवून, सरळ उभे तोलत माणसं मैलोन्‌मैल चालतात. त्यात बसवराजच्या घराची एक पाळी ठरलेली. वडील गेल्यावर ती त्याच्याकडे आली. सोलापुरात पेलणारे दोन-दोन महिने सराव करतात. डोंगरात काठी कुठून आणणार? पठ्ठ्यानं मास्ट धरला! परेड संपली की ताणदोऱ्या सैल करायचा, मास्ट कमरेला लावायचा आणि दहा पावलं चालायचा. एक दोरी धरून मी मागं. एकदा साहेबांनी बघितलं. आम्हाला वाटलं, मेलो आता. साहेब म्हणाले, "सोलापूर में इससे भी ऊँचा?"

"लई उंच, साहब."

"अगले साल आऊँगा देखने. अब बाँधो इसे."

मला रजा आधी मिळाली. दहा दिवसांनी सुटणाऱ्या गुरुवारच्या प्रवासी विमानात बसवराजसाठी सीट होती. यादीत त्याचं नाव वायरलेसवरून मीच पाठवलं. निघताना त्याला बजावलं, "मी नसताना मास्टला हात लावायचा नाही."

"न्हाय की आण्णा. तुमी बिनघोर जावा."

घरी पोचल्यावर पहिल्यांदा त्याच्या आईकडे गेलो. शिवव्वाक्का. घरात कानडी, बाहेर मराठी, रागावली की दोन्ही. मी म्हटलं, "आक्का, शनिवारी तुझा लेक दारात. माझी जबाबदारी."

गुरुवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांत आलं. ईशान्येतलं एक प्रवासी विमान सकाळी अकरा वीसनंतर संपर्काबाहेर. शोध सुरू. मी रेडिओचा आवाज कमी केला, पण आख्ख्या गल्लीत तीच बातमी लागली होती.

शुक्रवारी तारघरात सकाळी नऊला ट्रंक कॉल बुक केला. दुपारी दोन चाळीसला लागला. पलीकडे बेसचा क्लार्क.

"लान्स नाईक बसवराज. विमानात होता का?"

"थांबा." खरखर. "यादीत नाव आहे."

"डिटॅचमेंटला विचारा."

"डिटॅचमेंटचा सेट बंद आहे. मंगळवारपासून उत्तर नाही."

तीन मिनिटं संपली. लाइन तुटली.

पुढचे चार दिवस आमच्या गल्लीनं ते विमान शोधलं. चहावाला चाँदभाई म्हणाला, "दुश्मन लोगां उतार लिये विमान कू. हौ, लिख के लो." टेंभुर्णीचा ट्रक ड्रायव्हर म्हस्के यायचा टॉवेलचे गठ्ठे न्यायला. तो कप ठेवून म्हणाला, "आवो, फाटा चुकला आसंल. आमच्या टेंभुर्णीला रोज चुकत्यात. जायाचं कुर्डुवाडीला आन्‌ पोचत्यात अकलूजला. वर आभाळात तर पाटी बी न्हाय!" शाळेतले निवृत्त सर विमानाला अलगद खाली ओढणाऱ्या चुंबकीय डोंगराची आकृती खडूनं फरशीवर काढायचे. आणि लूम दुरुस्त करणारा जॉबर नरसय्या म्हणाला, "अय्यो, मागावरून धोटा उडाला की आमी सगळी शेड पालथी घालतो. शेवटी सापडतो कुठे? आपल्याच मशीनखाली. जिथून गेला तिथंच बघा म्हणा त्यांना."

"फौजी, तुम्ही सांगा," असं सगळे मला म्हणायचे. मी काय सांगणार? नाव मी पाठवलं होतं.

खरं सांगायचं तर ती माणसं मूर्ख नव्हती. चौघांच्याही गोष्टीत एक गोष्ट समान होती, विमान कुठंतरी उतरलेलं असायचं. आक्का उंबऱ्यावर बसून ऐकायची. चाँदभाई तर मुद्दाम मोठ्यानं बोलायचा.

मंगळवारी पेलणाऱ्यांचे प्रमुख आले. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा, सगळ्यात मोठी मिरवणूक. बिचारे अवघडून म्हणाले, "आक्का, बसूची पाळी उद्या दुसऱ्याला देतो. फक्त औंदाच्या सालाला."

आक्का माझ्याकडं वळली. "तू फौजेतला हैस. खरं सांग. काय लिवलंय त्याच्या नावाम्होरं?"

"मिसिंग."

"म्हंजी गेला?"

"नाही आक्का. गेला असेल तर फौज गेला असं लिहिते. मिसिंग म्हणजे माहीत नाही."

"मग मला बी म्हाईत न्हाय," ती प्रमुखांना म्हणाली. "पाळी ऱ्हाऊ द्या. नन मगा बर्तान." माझा लेक येणार. एवढं बोलून ती आत गेली आणि त्याच्या पाळीला घालायच्या पांढऱ्या बाराबंदीला इस्त्री करायला बसली. मला तिची भीती वाटली. उद्या त्या बाराबंदीचं ती काय करणार होती?

बुधवार. सकाळी नऊ दहा. मी आक्काच्या दारात. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. आधी किटबॅग उतरली, मग बेडिंग, मग आठ दिवसांची दाढी वाढलेला बसवराज. युनिफॉर्मवर कोळशाची काजळी. टांगेवाल्याशी भाडं घासत होता बेटा!

चाँदभाईच्या हातातली किटली फुटपाथवर पडली. नरसय्या ओरडला, "मशीनखाली! मी म्हणालो नव्हतो? मशीनखालीच!"

आक्का बाहेर आली. आधी तिनं त्याच्या थोबाडीत दिली. मग त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून रस्त्याला ऐकवलं, "बंदा! बंदा नोड!" आला, बघा आला! मी रडलो. लपवत नाही. म्हस्केनं ट्रकचा हॉर्न जो धरला तो सोडेचना.

बसवराज गाल चोळत म्हणाला, "आवो, झालंय काय? चार दिस उशीर झाला म्हून कुनी मारतं व्हय?"

"विमानातून कसा वाचलास?"

"कसलं इमान? मी ट्रकनं आलो. दोन दिस कॉन्व्हॉय, मंग रेल्वे. आण्णा, रागवू नगा. गेल्या मंगळवारी जरा मास्ट उचलला..."

"दोरी कुणी धरली होती?"

"कुनी न्हाय. तेच की! पडला तो थेट सेटच्या तंबूवर. सेटचा पार चेंदामेंदा. साहेब म्हनले, इमानाची सीट कॅन्सल. सेट खाली वर्कशॉपला पोचवायचा, मंग रस्त्यानं घरी. सजा!"

गल्ली पोट धरधरून हसत होती. मीही हसत होतो. सेट मोडला म्हणून सीट गेली, आणि सेटच मोडला म्हणून सीट गेल्याचा निरोप बेसला पोचला नाही. यादीत नाव तसंच राहिलं. असला घोटाळा करावा तर तो सोलापूरच्या माणसानंच.

मग माझं हसू थांबलं. "बसू, सीट रिकामी गेली?"

"न्हाय. साहेबांची रजा फुडल्या आठवड्यात होती की. म्हनले, सीट खाली क्यों जाए. नातू झालाय त्यान्ला, बघायचा हुता." तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे, मग चाँदभाईकडे बघितलं. "आण्णा, कुठलं इमान म्हनत हुता तुमी?"

मी सांगितलं. तो किटबॅगवर बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. आक्कानं पाण्याचा तांब्या आणून दिला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ. आंघोळ कर. तुज्या साहेबांनी धाडलंय तुला, पाळी चुकवू नगंस."

दुपारी बसवराजनं बाराबंदी घातली, पट्टा बांधला. "हर्र बोला हर्र!" असा गजर झाला आणि नंदीध्वज उभा राहिला. वर घुंगरं, झालरी, उन्हात चमकणारी. काठी एकदाही डुलली नाही. दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या पिटत होती. आमची गल्ली तर बेभान झाली होती, सरांनी टोपी उडवली. बसवराजच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. पहिलं पाऊल टाकण्याआधी त्यानं टाच जुळवली आणि वर बघून खणखणीत आवाजात रिपोर्ट दिला, "साहब, मास्ट खडा है!"

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटेतून केलेली तार आली. "उशीर होतोय. मास्ट पडला." आक्कानं ती देवघरात लावली.

विमान सापडलं नाही. आजतागायत नाही. नरसय्या, म्हस्के, सर, चाँदभाई आपापल्या मतावर ठाम राहूनच गेले. सुभेदारसाहेबांच्या घरी दर संक्रांतीला सोलापूरची एक चादर जाते. त्यातली पहिली त्यांच्या नातवाला पांघरली, असं पत्र आलं होतं.

बसवराजनं पुढं बावीस वर्षं पाळी केली. आता त्याचा मुलगा करतो. उचलण्याआधी तोही टाच जुळवून तोच रिपोर्ट देतो. लोकांना वाटतं, हाही गजरच आहे. मी दरवर्षी शेजारी उभा असतो. गुडघे कुरकुरतात, तरी सावधान करतो आणि साहेबांचं उत्तर मी देतो.

"देखते हैं, कितनी देर."