बोलक्या साहेबांची बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीमावशी म्हणत. काम एकच: पांढरी भुकटी भट्टीत तापवून तिच्यातली ओल घालवायची. भुकटी प्लास्टिकच्या जातीची, पण आतून मधमाश्यांचं पोळं. त्या भोकांत जखम भरून आणणारा वायू कोंबायचा. ओल्या जखमेवर टाकली की ती वायू सोडते. ओल लागेपर्यंत तोंड मिटून बसायचं, ही भुकटीची शिस्त. मावशीला असली शिस्त कुणी लावलेली नव्हती.

सोमवारी वायू भरलेली बाटली शुक्रवारी मोजली की आतला वायू गायब. सलग चार आठवडे.

साहेब म्हणाले, "मावशी, तुमची भट्टी कच्ची. येत्या शुक्रवारी इस्पितळाचे डॉक्टर नमुना न्यायला येणार. तोही रिकामा निघाला तर तुमच्या जागी यंत्र आणतो."

"आणा की. त्याला तुमचं ऐकून घेता आलं पाहिजे म्हणजे झालं."

घरी नवरा म्हणाला, "चूक कबूल करून मोकळी हो ना."

"एकदा मांडवात केली तेवढी बास."

पण बावीस वर्षांची नोकरी. झोप काही लागली नाही. सोमवार उजाडताच तिनं बाटलीवर डोळा ठेवला. दुपारी पाहुणे आले. साहेबांनी बूच काढलं, बाटली तोंडाशी धरली आणि सुरू झाले, "हा पदार्थ श्वास घेतो बघा!" अर्धा तास. मावशीनं कपाळाला हात लावला. भुकटी बिचारी आज्ञाधारक. साहेबांची दमट वाफ लागली की तिला वाटायचं, आली जखम!

साहेबांच्या तोंडाला कुलूप लावणं तिच्या हातात नव्हतं, बाटलीला होतं. मंगळवारी नवी भुकटी वायू भरून येताच तिनं ती घट्ट बंद करून आपल्या कपाटात ठेवली. साहेबांच्या फळीवर तशाच बाटलीत खायचा सोडा. पाहुणे रोज येतच होते.

शुक्रवारी डॉक्टरांनी कपाटातली बाटली मोजली. वायू काठोकाठ.

"पाहिलंत? भट्टी नीट लावली की होतं," साहेब म्हणाले.

मावशीनं सोड्याची बाटली त्यांच्यापुढे उलटी केली. काहीच पडलं नाही. तीन दिवसांत आत दगड झाला होता.

"हे काय?"

"तुमची भाषणं, साहेब. वाळवून आणू?"

डॉक्टर खोकल्याआड हसले. यंत्र आलं नाही. साहेब अजून पाहुण्यांना सोडाच दाखवतात. मावशी दर सोमवारी तो बदलते.