मिस्त्रीच्या छातीतला आवाज

११ मार्च, मंगळवार. सकाळी मिस्त्रीला कुशीवर वळवून उठवले. जखम कोरडी. भूक बेताची. दुपारी खुर्चीत मागे वळताना 'कट्' असा आवाज आला. तो म्हणतो, छातीतून. मीही ऐकला, कुठून आला ते कळले नाही.

एवढे लिहून ताईंनी वही मिटली, पण डोक्यातला भुंगा काही गप्प बसेना. शाळेत नन्सनी लावलेली शिस्त होती : आधी पाहिलेले लिहायचे, मत मागाहून. इथे तर मत द्यायला पुरेसे पाहिलेलेच नव्हते.

मिस्त्री म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. जन्मभर सुतारकाम केलेले, म्हणून घरीदारी सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. हृदयाचे ऑपरेशन झाल्यावर जिने नकोत म्हणून तो बायकोसह ताईंच्या तळमजल्यावर आला होता. छातीचे हाड मधोमध कापून तारेने बांधले आहे, तिथे आवाज आला तर लगेच कळवा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"तारेनं कधी सांधा टिकतो का?" मिस्त्री पुटपुटला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "सुटला असणार. ताई, फोन करू नकोस. परत करवत नको."

"फोन मी करणारच आहे. पण काय सांगू, ते तरी कळू दे."

ताईंनी त्याच्या छातीवर हलकेच तळवा टेकवला. "मघासारखा वळ. सावकाश."

कट्. तळव्याखाली मात्र काहीच हलले नाही. ताईंचे डोळे चमकले.

"दुखलं?"

"नाही."

"मग पलंगावर चल."

पलंगावर तो उशी छातीशी धरून खोकला. वळला. आवाज नाही. ताईंची नजर खुर्चीकडे गेली.

"तिच्याकडे काय बघतेस?" मिस्त्री दुखावला. "तुझ्या लग्नात मी स्वतः केलेली. दाजींचं वजन सोसलं तिनं. माझा सांधा सुटायचा नाही."

"ऐका, वन्सं," त्याची बायको म्हणाली. "छाती फुटली तर चालेल, पण ह्यांची खुर्ची कुरकुरायची नाही."

ताई उठल्या, खुर्चीत बसल्या आणि मागे वळल्या.

कट्.

मिस्त्रीने मोठा श्वास घेतला, त्या दिवसातला पहिलाच पुरता. मग त्याचे तोंड एवढेसे झाले.

"म्हणजे हाड धड आहे."

"हाड धड आहे. तुझी कारागिरी तेवढी म्हातारी झाली."

ताईंनी तरीही फोन केला. उद्या तपासायला यायचेच आहे, तेव्हा पाहू, असे उत्तर मिळाले. फोन ठेवून वळतात तो मिस्त्रीचा हात खुर्चीच्या पाठीवर.

"हात लावलात तर बघा," बायको आडवी आली.

"उलटी तरी कर. पाय बघू दे."

शेवटी तो उशी पोटाशी धरून हुकूम सोडत राहिला आणि बायको गुडघे टेकून सरस लावत राहिली. "जास्त नको. पुसून घे. दोरी आवळ. अजून." तिने कपाळावरचा घाम पुसला आणि विचारले, "मजुरी कोण देणार?" मिस्त्री हसला, पण छातीला हिसका बसणार नाही इतकेच.

संध्याकाळी ताईंनी दुपारच्या नोंदीखाली लिहिले : खुर्चीचा मागचा डावा पाय ढिला होता. सरस लावून दोरीने बांधला आहे. उद्यापर्यंत कोणी बसू नये.