प्रभू, तिला सांग

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, बुधवारच्या प्रार्थनेला नेमाने जात राहिलं की झालं. मी सारा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढला. पाथर्डी डेपोच्या गाडीत माणसं काय काय बोलतात ते या कानांनी ऐकलंय. पण खरं सांगू? बुधवारी डोळे मिटून माणसं जे बोलतात, त्याच्यापुढे ते काहीच नाही.

तिसगावात आमची छोटीशी ख्रिस्ती मंडळी आहे, प्रेस्बिटेरियन पंथाची. रविवारी चर्चमध्ये उपासना, आणि बुधवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना. गाणी होतात, वचन वाचतात, मग ज्याला वाटेल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची आणि शेवटी चहा. पेटी माझ्याकडे. सगळे डोळे मिटतात तेव्हा माझे उघडे असतात, कारण पाळक साहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, मान हलवली की मला सूर धरायचा असतो. आमची बायको म्हणते, हे निव्वळ निमित्त आहे, तुम्हाला बघायची हौस. असेल. माझं काही म्हणणं नाही.

*

आमच्याकडे मंडळीचा कारभार बघायला माणसं निवडतात, त्यांना 'वडील' म्हणतात. त्यात दानिएलकाका सगळ्यांत जुने. काकांनी प्रार्थनेला तोंड उघडलं की ते थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात. अमेरिका, मग रशिया, मग ज्या देशांत लढाया चालू आहेत ते, मग दिल्ली, मुंबई, नगर जिल्हा, पाथर्डी तालुका आणि शेवटी तिसगाव. ज्याच्या घरी प्रार्थना असेल त्या घरच्या बाईला याचा मोठा आधार असतो. काका दिल्लीत पोचले की ती हळूच उठून चहा टाकते. जिल्ह्यात आले की दूध. तालुक्यात आले की कपबश्या.

एकदा भिंगारदिव्यांच्या घरी प्रार्थना होती. काकांना त्या दिवशी खोकला होता, म्हणून त्यांनी थोडक्यात आवरायचं ठरवलं. अमेरिकेवरून जे निघाले ते एकदम नगर जिल्ह्यात उतरले. भिंगारदिवेबाई आत गॅस पेटवत होत्या, त्यांची तारांबळ उडाली. पाहुणे घरात आणि चहाला आधण नाही. सगळे डोळे मिटून शांत बसलेले, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला,

"काका, रशिया राहिला!"

काका माघारी फिरले. रशिया घेतला, जाता जाता जपानही घेतला. चहा अगदी वेळेवर आला.

*

आमचे पाळक साहेब तरुण आहेत. नगर शहरात, सावेडीत वाढलेले, ही त्यांची पहिलीच नेमणूक. आल्या आल्या त्यांची परीक्षा झाली ती कांद्याने.

आभाळ भरून आलेलं. एकाची बाजरी वाळत चाललेली, त्याने प्रार्थना केली, प्रभू, आज रात्री पाऊस पाड. त्याच्या शेजारी बसलेल्याचा कांदा रानात उघडा पडलेला. त्याने लगेच प्रार्थना केली, प्रभू, घाई करू नको, कांदा झाकेपर्यंत थांब. पहिल्याने परत तोंड उघडलं, प्रभू, लोकांना कांदा झाकायला आठवडाभर सवड होती. दुसरा म्हणाला, प्रभू, बाजरी उशिरा पेरणाऱ्यालाही तू क्षमा कर. दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले आणि चेहरे लाल.

शेवटची प्रार्थना पाळक साहेबांची. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, "प्रभू, दोन्ही अर्ज तुझ्यासमोर आहेत. योग्य तो निर्णय दे, आणि मला यातून सोडव."

रात्री चार थेंब आले. बाजरीला पुरले नाहीत आणि कांदा तेवढा भिजला. दोघेही पुढच्या बुधवारी पाळक साहेबांकडे बघत नव्हते.

*

तर सांगायचा मुद्दा असा, की आमच्याकडे प्रार्थना वर जाते तशी आडवीही जाते. एक मावशी आपल्या मुलासाठी स्थळ बघत होत्या. कुणाला सांगितलं नाही, देवालाच सांगितलं, पण सगळ्यांच्या देखत आणि तपशीलवार. मुलगा फॅक्टरीत पर्मनंट आहे, दारू नाही, तंबाखू नाही, मुलगी शिकलेली असावी. "पण प्रभू, सावेडीकडची नको. त्या पोरींना भाकरी येत न्हाई."

पाळकीणबाई सावेडीच्या. त्या शेजारीच बसलेल्या. मी पेटीवरचा हात तसाच ठेवला आणि मनात म्हटलं, आता काय होतंय बघू. पाळकीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "प्रभू, मला भाकरी येते हे तू जाणतोसच. ज्यांना माहीत नाही त्यांना उद्या आमच्याकडे जेवायला पाठव."

मावशी गेल्या. भाकरी खाल्ली, आणि पाळकीणबाईंच्या चुलतबहिणीचं स्थळ विचारून आल्या. ती सून आता घरात आहे आणि तिला भाकरी अजिबात येत नाही, पण मावशी त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

*

आता साळवेबाई. या दोन आहेत, सख्ख्या जावा. थोरल्या शांताबाई, धाकट्या एस्तेरबाई. दोघींचे नवरे देवाघरी गेले, पोरं कामाधंद्यासाठी लांब गेली. एका घराचे दोन भाग करून दोघी राहतात, मधे भिंत. लोकांना वाटतं भांडण त्या भिंतीवरून असेल. नाही. भांडण कोंबड्यावरून आहे.

हंगामाच्या सणाला आम्ही घरचं जे असेल ते चर्चमध्ये आणतो. बाजरी, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. पुष्कळ जण आपलीच वस्तू बोली लावून परत घेतात. देवाला दिल्याचं समाधानही मिळतं आणि वस्तूही घरात राहते. शांताबाईंनी त्या वर्षी आपला लाडका कोंबडा आणला. रुबाबदार पक्षी होता, त्यांच्या मागे मागे फिरायचा. मनात हेच की लिलावात परत घ्यायचा. पण ऐन बोलीच्या वेळी त्या मागे चहा गाळत होत्या, आणि कोंबडा घेतला एस्तेरबाईंनी.

घेतला तर घेतला, त्याच दुपारी कापला. बरं, तिथेही थांबावं की नाही? जावेवर माया म्हणून वाडगाभर रस्सा भिंतीपलीकडे पाठवला. शांताबाईंनी भुरके मारून खाल्ला, वाडगा परत देताना मसाल्याची तारीफही केली. मग विचारलं, कोंबडा कुठून आणला.

त्या दिवसापासून बोलणं बंद. एस्तेरबाईंचं म्हणणं, देवाला दिलेला कोंबडा, मला काय ठाऊक हिला परत हवाय. शांताबाईंचं म्हणणंच नाही, त्या बोलतच नव्हत्या. वर्षं लोटली. पाळक साहेबांनी समेटावर एक खास उपदेश केला. दोघींनी बाहेर पडताना त्यांचे आभार मानले, बरं झालं साहेब, तिला सांगितलंत ते.

पण शेजार म्हटला की सांगण्यासारखं रोज काहीतरी निघतं. ते सगळं बुधवारवर यायचं. प्रभू, कुणाच्या तरी शेळीनं माझी मेथी खाल्ली. प्रभू, शेळी मुकं जनावर हाय, लोकांना कुंपण घालायची बुद्धी दे. एस्तेरबाईंना नात झाली ती शांताबाईंना प्रार्थनेतच कळली, आणि त्यांनी प्रार्थनेतच बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायला सांगितलं. आम्ही सगळे मधले पोस्टमन. हसायचो, दुसरं काय करणार.

*

मग एका बुधवारी शांताबाईंनी प्रार्थना केली. आवाज नेहमीचा नव्हता.

"प्रभू, पोटात गाठ निघालीय. सोमवारी नगरला ऑपरेशन हाय. पोराला परदेशातनं रजा मिळंना. मी काय कुणाला सांगितलं न्हाई. तू तेवढा संगं ये."

एवढंच. आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडच्या बाईलासुद्धा नाही. मी एस्तेरबाईंकडे बघितलं, त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग फुटला.

"प्रभू, तू तर जाशीलच. पण तिथं डबा न्यायला, रात्री उशाशी बसायला माणूस लागतं. तिला सांग, मी येते. अन् तिला सांग, जाड चादर घे, दवाखान्यात लई गार असतं."

मग शांताबाई म्हणाल्या, "प्रभू, तिला सांग, चादर घेतलीय."

मी सूर धरायचा विसरलो. पाळक साहेबही मान हलवायची विसरले होते, म्हणून निभावलं.

*

सोमवारी बबनची जीप ठरवली. बबन पाथर्डीचा, आमच्या मंडळीचं त्याला काही माहीत नाही. मी त्याच्या शेजारी, मागे दोघी जावा. तिसगाव सोडलं आणि सुरू झालं. प्रभू, तिला सांग, काच वर कर, वारा लागतोय. प्रभू, काच अडकलीय, तिला सांग, पदर घे कानावर. प्रभू, तिला विचार, सकाळपासनं पाणी तर प्यालं न्हाई ना, डॉक्टरनं नको म्हटलंय. प्रभू, तिला सांग, मी काय लहान हाय का.

बबन दोन-तीनदा आरशात बघायला लागला. करंजी घाटाच्या तोंडाशी त्याने मला हळूच विचारलं,

"मास्तर, माझं काय चुकतंय का? ह्या मावश्या तिसगावपासनं देवाचा धावा करत्यात."

मी म्हटलं, तू चालव. सगळा घाट त्याने बैलगाडीच्या चालीने काढला. मागून एक टेम्पोवाला शिव्या देत गेला, तरी याने वेग वाढवला नाही.

*

ऑपरेशनला आत नेताना शांताबाईंना कानातली फुलं काढायला सांगितली. त्यांनी काढली आणि एस्तेरबाईंच्या हातावर ठेवली. त्यांची मूठ आपल्या हाताने मिटवली. देवालाही काही सांगितलं नाही. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं.

एस्तेरबाई बाकावर बसून राहिल्या. मी म्हटलं, वहिनी, आपण प्रार्थना करू. त्या म्हणाल्या, "तुमी करा मास्तर. मला शब्दच सुचंना. दर बुधवारी इतकं बोलले, त्यातलं एकबी धड तिच्यासाठी न्हवतं." आणि रडायला लागल्या. मी पाठ केलेलं काहीतरी म्हटलं. एवढ्या वर्षांत आम्ही त्या दोघींना हसलो होतो, आणि आता एक आत होती.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले गाठ काढली, पण वय आहे, शुद्धीवर कशा येतात ते बघायचं. संध्याकाळ झाली तरी गुंगी उतरली नाही. डॉक्टर परत येऊन बघून गेले, तोंड गंभीर. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी सावेडीला मुलीकडे जाऊन पाठ टेकली, पण डोळा लागला नाही.

*

सकाळी पाळक साहेब तिसगावहून आले, तसे आम्ही दोघे वॉर्डात गेलो. नर्सने दारातच सांगितलं, अजून हाक मारली तरी ओ देत नाहीत, आणि उठल्याच तर पाणी चमच्याने द्यायचं, जास्त नाही.

एस्तेरबाई कॉटच्या कडेला स्टुलावर होत्या. जावेचा हात दोन्ही हातांत धरलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि प्रार्थना चाललेली. रात्री कधीतरी शब्द सुटले असावेत, आता ते थांबत नव्हते. "प्रभू, हिला उठव. हिला नेऊ नको. भिंतीपल्याड खोकला ऐकू आला न्हाई तर मला झोप लागत न्हाई, हे हिला कधी सांगितलं न्हाई. मीच बोलायला पाहिजे हुतं. मी धाकटी हाय, माझंच काम हुतं ते. प्रभू, हिला तेवढं सांग..."

पाळक साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या डोळे मिटले. मी नाही मिटले. शांताबाईंच्या पापण्या हलल्या. मग त्यांनी डोळे उघडले, आढ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मान वळवून जावेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सगळं ऐकत होत्या. मी पाळक साहेबांचा हात धरला, म्हटलं बोलू नका. एस्तेरबाईंना काहीच पत्ता नाही, त्यांची प्रार्थना चालूच.

बऱ्याच वेळाने शांताबाईंनी आपला हात सोडवून घेतला. आवाज बसलेला, घोगरा होता, पण आम्हाला दारापर्यंत नीट ऐकू आला.

"एस्तेर, आमेन म्हण आता. पाणी दे."

एस्तेरबाईंनी डोळे उघडले. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. त्या चमचा शोधत होत्या.