लाज कोणाची?

देवपूरच्या माझ्या दवाखान्यात साक्रीकडच्या एक अक्का आल्या. वर्षभर शौचातून रक्त जात होतं आणि तीन डॉक्टरांनी मूळव्याधीच्या गोळ्या दिल्या होत्या.

“शौचाच्या जागी बोट घालून कोणी तपासलं का?” मी विचारलं.

“कोनी तपासंच नही, भाऊ. बठ्ठासनी गोयाच दिन्यात.” म्हणजे सगळ्यांनी नुसत्या गोळ्याच दिल्या होत्या.

मी तपासलं, तर गाठ बोटालाच लागली. तुकडा तपासायला पाठवला, तर कॅन्सर निघाला. शेवटच्या डॉक्टरला मी फोन केला.

“बायकांना लाज वाटते हो, सर,” तो म्हणाला.

“त्यांना विचारलंत तरी का? लाज तुम्हाला वाटली आणि भोगायचं त्यांनी!” मी ओरडलोच.

ऑपरेशनमुळे अक्का वाचल्या, पण गुदद्वार काढावं लागल्यानं पोटावर शौचाची पिशवी कायमची आली. पुढच्याच महिन्यात त्याच डॉक्टरचा आणखी एक रुग्ण तीच तक्रार घेऊन आला. त्यालाही न तपासताच गोळ्या दिल्या होत्या.