खेळीमेळीच्या वातावरणात

'सामना खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला.' हॉकीच्या बातमीचं हे शेवटचं वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. अलीकडे तर ते लिहावंही लागत नव्हतं. मोबाइलवर 'खे' दाबलं की पुढचं सगळं आपोआप उमटायचं. त्याच वाक्याने एका सोमवारी माझी मान पकडली.

मी साताऱ्याच्या एका दैनिकात खेळाच्या बातम्या लिहितो. आमच्याकडे कुस्तीला पानभर जागा आणि हॉकीला उरलीसुरली. ती उरलीसुरली माझी. त्या चार बोटं जागेसाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली मैदानं मी एसटीने पालथी घातली. सामन्याआधी मैदानाला एक पुरी फेरी मारायची, खड्डे-दगड बघायचे आणि मग गोलच्या जाळीमागे जाऊन उभं राहायचं, ही माझी पद्धत. चेंडू कुठून आला, कुणाला लागला, पंचांनी कुठे डोळेझाक केली, ते तिथून नेमकं दिसतं. एकदा मेढ्याकडच्या शाळेतल्या गोलरक्षक मुलीचं हेल्मेट सुतळीने बांधलेलं दिसलं. मी बातमीची सुरुवातच त्या सुतळीने केली, निकाल खाली ढकलला. आठ दिवसांत नवं हेल्मेट आलं. जिल्हा हॉकी संघटनेचे सचिव महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी महिनाभर ताठ मानेने फिरलो.

मग मोबाइलवर संघटनेचा ग्रुप निघाला. सामना संपायच्या आत निकाल आणि फोटो हातात यायला लागले. संपादक म्हणाले, बातमी घरबसल्या येतेय तर जाता कशाला? गुडघे दुखत होते हे खरं, पण आळस त्याहून खरा. पुढे सचिवांनी मला संघटनेचा प्रसिद्धिप्रमुखच करून टाकलं. स्टेजवर खुर्ची मिळाली, गळ्यात हार पडला. तेव्हापासून संघटनेचं पत्रक मीच लिहायचो आणि 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून मीच छापायचो. सांगणारा मी, ऐकणारा मी. बघणारा कुणीच नाही. याची कुणी तक्रार केली नाही. उलट खेळाडूंची नावं आता चुकत नाहीत म्हणून कौतुकच झालं.

त्या रविवारी सांगलीला मुलींचा सामना होता. राज्याच्या संघाची निवड त्यावरूनच व्हायची होती. मी साताऱ्यात जेवून लवंडलो होतो. सचिवांच्या तीन ओळी आल्या, आपल्या मुली जिंकल्या म्हणून, आणि सोबत फोटो. फोटो रुंद, आमचा कॉलम अरुंद. डाव्या कडेला एक मुलगी रांग सोडून खाली बसली होती, तिला कापलं. कापताना तिच्याकडे बघितलं का? बघितलं. डोक्याला ओला टॉवेल लावल्यासारखा वाटला. ऊन लागलं असेल, म्हटलं. आणि 'खे' दाबलं.

सोमवारी दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सायेब, कालच्या म्याचची बातमी तुमीच लिवली न्हवं? मी उंब्रजजवळनं बोलतोय. फौजेत हाय, सुट्टीवर आलोय. तुमच्या त्या टीमची गोलकीपर माजी पोरगी."

पोरीचा फोटो का नाही, हे विचारायला फोन केला असणार. जागा कमी पडल्याचं कारण माझ्या तोंडात तयारच होतं.

"पोर सकाळधरनं दोनदा ओकली," तो म्हणाला. "डोस्कं दुकतंय म्हनती. काल काय लागलं का इचारलं तर न्हाईच म्हनती. निवडीतनं नाव कापत्याल म्हनून बोलत नसंल. कोच फोन उचलंना. आमी हितं दवाखान्यात हाय. डाक्टर म्हनत्यात, डोस्क्याला लागलं असंल तर आत्ताच्या आत्ता कराडला न्या, न्हाईतर घरी नेऊन आराम द्या. तुमी तितं हुता. तुमीच काय ते सांगा."

'मी तिथं नव्हतो' एवढंच सांगायचं होतं. जीभ वळली नाही. 'आमच्या प्रतिनिधीकडून' छापून आलं होतं, ते वाचून बापाने फोन केला होता, आणि मला लाज वाटली. खऱ्या गोष्टीची लाज वाटली, खोट्याची नाही.

"बघितलं ना मी," मी म्हणालो. "चेंडू खांद्याला लागला. लगेच उठली, पुढे खेळलीही."

इतकं सहज आलं ते! न पाहिलेले सामने लिहून लिहून हात बसला होता, तोंडालाही तेच वळण लागलं होतं.

"लय बरं झालं, सायेब," त्याने मोठा श्वास सोडला. "आमच्यात रिपोर्ट म्हंजी डोळ्यानं बगितल्यालं. आता घोर न्हाई."

फोन ठेवला आणि फोटोतून कापलेली ती मुलगी आठवली. सचिवांनी पाठवलेला फोटो पुन्हा उघडला, न कापलेला, आणि मोठा करून बघितला. टॉवेल डाव्या कानशिलावर दाबलेला होता. डोळे मिटलेले. पुढ्यात हेल्मेट उलटं पडलेलं, आणि त्याला पट्ट्याच्या जागी सुतळी.

बापाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मधे सचिवांना लावला, तर ते मऊ आवाजात म्हणाले, "अहो, हेल्मेट निसटलं, चेंडू जरा डोक्याला लागला. पाचेक मिनिटं पडून होती, मग उठली की. उगाच वाढवू नका. खेळीमेळीत झालं म्हणून तुम्हीच छापलंय. आता फिरवलंत तर अंगाशी कुणाच्या येईल?"

बापाने पाचव्यांदा फोन उचलला.

"आलो सायेब घरी. तुमी सांगितलं, डाक्टरबी जा म्हनले. झोपलीया आता. उटवू नगा म्हनली, लय झोप येतीया."

"उठवा तिला!" मी ओरडलो. "डोक्याला लागलंय. पाच मिनिटं बेशुद्ध होती. कराडला न्या, आत्ता!"

त्याने एक शब्द विचारला नाही. फोन चालूच कुठेतरी टाकला. तो तिला हाका मारत होता, ते मला ऐकू येत होतं. आधी हळू, मग कवायतीच्या मैदानावर हुकूम देतात तशा आवाजात. तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मग फोन कट झाला.

कराडला ऑपरेशन झालं. मुलगी वाचली. महिन्याभराने मी तिला बघायला गेलो, तर बापाने उठून मला खुर्ची दिली. शेजारच्यांना बोलावून सांगितलं, "ह्या सायबांचा फोन आला म्हनून पोर हाती लागली." टीव्हीच्या कडेला आमच्याच पेपरचं कात्रण खोचलेलं होतं. 'प्रतिनिधीच्या सतर्कतेमुळे खेळाडूचे प्राण वाचले.' सचिवांनी पाठवलेली बातमी, माझ्या फोटोसकट. मी ती अडवली नव्हती.

मुलगी कॉटवर बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला. उजव्या हाताची पकड गेली होती. त्या हातात रबरी चेंडू धरून दाबायचा प्रयत्न करत होती. 

"काका, त्या दिशी तुमी कुटं उबं हुता?" तिने विचारलं. "गोलकीपरला समदं मैदान दिसतंय. जाळीमागं कोन हाय, ते मी म्याचच्या आदीच बगून ठेवती. कोनच नव्हतं."

"आगं, तुला आटवत नसंल," बाप हसला.

सुटायला वाट होती. तो बिचारा स्वतःच मला ती दाखवत होता.

"तिला बरोबर आठवतंय," मी म्हणालो. "मी त्या दिवशी साताऱ्यात होतो. घरी."

चेंडू तिच्या हातातून सुटला आणि कॉटखाली गेला. कुणी उचलला नाही. बाप उठला, टीव्हीजवळ गेला. कात्रण काढून त्याची घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. त्याचा आवाज अजिबात चढला नाही.

"मग खांद्याला लागलं, ते कुनी बगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.